भाडेकरूच्या घरात ड्रग्जचा संशय आला, तर घरमालकाने काय करावं

मी ठाण्यात नौपाड्याला राहते. घणसोलीत एक वन बीएचके आहे, तो भाड्याने देते. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिथल्या वॉचमनकाकांचा फोन आला. "ताई, तुमच्या भाडेकरू पोरांकडे रात्री एक-दीडला माणसं येतात. बाइकसुद्धा बंद करत नाहीत. एक जण खाली उतरतो, हातात काहीतरी देतो, की गेले." मी फाइल काढली. भाडेकरार होता, पण पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची पोच नव्हती. एजंट "झालंय ताई" म्हणाला होता आणि मी कागद मागितलाच नव्हता.

म्हणून सुरुवात घर देण्याआधीच करायची. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर स्वतः भरा आणि पोच जपून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. करारात तीन वाक्यं आवर्जून घाला: राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, आधी कळवून घर पाहायला येण्याचा मालकाचा हक्क, आणि बेकायदा वापर झाल्यास मुदतीआधी करार रद्द करण्याची मुभा.

संशय आला, तर आधी वही उघडा

रात्री उशिरापर्यंत गाणी लावणारी किंवा दार बंद ठेवणारी मुलं म्हणजे ड्रग्ज विकणारी मुलं नव्हेत. आपल्याकडे बॅचलर म्हटलं की निम्मी सोसायटी आधीच निकाल देऊन मोकळी होते, आणि हे मला मनापासून खटकतं. लक्ष द्यायचं ते पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींकडे. पाच मिनिटांसाठी येणारी अनोळखी माणसं, जिन्यात किंवा डक्टमध्ये सापडणाऱ्या बोटभर झिपच्या पुड्या, काळी पडलेली चंदेरी फॉइल, खिडक्यांना आतून लावलेलं काळं प्लास्टिक, दिवसरात्र चालणारा एसी आणि एकदम वाढलेलं वीजबिल, रसायनांचा उग्र वास. यातल्या एकाच गोष्टीवरून काही ठरत नाही. तीन-चार जुळल्या, की तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवा. मी शाळेची दोनशे पानी वही घेतली होती. "बुधवार, रात्री 1.20, पांढरी स्कूटर, एक मुलगा, चार मिनिटं." ऐकीव गोष्ट असेल तर कोणी सांगितली तेही लिहा.

जे करायचं नाही

डुप्लिकेट किल्लीने आत शिरू नका. घर तुमचं असलं तरी ताबा त्यांचा आहे. नळ दुरुस्तीला रीतसर कळवून गेलात आणि काही दिसलं, तर हात लावू नका, पुडी उचलून "पुरावा" म्हणून घरी आणू नका. तुमच्याजवळ माल सापडला, तर तो कुठून आला हे सांगत बसण्याची वेळ तुमच्यावर येईल. शांतपणे बाहेर पडा आणि फोन करा. भाडेकरूला जाब विचारू नका, तो सावध होतो आणि तुमच्या जिवालाही धोका असतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकणं तर अजिबात नको.

कळवायचं कुठे आणि कसं

गप्प बसण्याचा धोका बऱ्याच मालकांना माहीतच नसतो. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा, 1985, याचं कलम 25 सांगतं, की आपली जागा अशा गुन्ह्यासाठी वापरू देणाऱ्या मालकाला त्याच गुन्ह्याची शिक्षा होते. यात महत्त्वाचा शब्द आहे "जाणूनबुजून". एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 50 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते व्यावसायिक प्रमाण ठरतं, आणि शिक्षा दहा ते वीस वर्षं. तुम्हाला कळलं आणि तरी दरमहा भाडं घेत राहिलात, तर "मला माहीत नव्हतं" हे कोणाला पटवणार?

जागा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे, किंवा ठाणे वा नवी मुंबई आयुक्तालयाच्या अमली पदार्थ विरोधी पथकाकडे जा. 1933 ही केंद्र सरकारची 'मानस' हेल्पलाइन आहे, तिथे नाव न सांगताही कळवता येतं. समोर काही घडत असेल तर 112. तरीही माझा आग्रह लेखी अर्जाचा आहे. दोन प्रती करा, वहीतल्या नोंदी जोडा, एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. तुम्ही वेळेवर कळवलंत याचा पुरावा तोच. खबर कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती कलम 68 नुसार अधिकाऱ्यावर करता येत नाही. पण खोडसाळपणे खोटी खबर देऊन कोणाला अटक करायला किंवा झडती घ्यायला लावली, तर कलम 58 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून अर्जात पाहिलेलंच लिहा. "ते ड्रग्ज विकतात" असं नको, "रात्री 1.20 ला हे दिसलं" असं.

माझ्या अर्जानंतर आठवडाभर काहीच घडलं नाही. मग एका पहाटे पथक आलं, पंचांसमोर झडती झाली, दोघांना नेलं. करार, अर्जाची पोच आणि वही तयार होती, त्यामुळे माझा जबाब तासाभरात संपला.

घर रिकामं करून घेताना

कुलूप बदलणं, पाणी-वीज तोडणं, सामान जिन्यात काढणं यातलं काहीही केलंत, तर तक्रार तुमच्यावर येईल. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने करार रद्द केल्याची नोटीस द्या. मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाड्याची तरतूद आहे. खोली सील असेल किंवा तपास चालू असेल, तर साफसफाई आणि रंगकामाआधी तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा.

तिसरा मुलगा एकोणीस वर्षांचा होता, जळगावकडचा. तो विकत नव्हता, पण त्याला सवय लागली होती. पोलिसांनी बोलावल्यावर त्याचे वडील रात्रीच्या गाडीने आले आणि सोसायटीच्या पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. अशा मुलासाठीही कायद्यात वाट आहे. स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी गुन्हा दाखल झालेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर एनडीपीएस कायद्याचं कलम 64-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. मी त्यांना तो नंबर कागदावर लिहून दिला, आणि मुलाच्या वाट्याचं डिपॉझिट त्याच दिवशी परत केलं.