मोठ्या पिकअपला ब्रेकचा रिकॉल आलाय? या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या आणि बोट किंवा ट्रेलर ओढायला पिकअप ठेवणाऱ्या घरांत रिकॉलचं, म्हणजे दोष सापडल्याने कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावल्याचं, पत्र आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपली गाडी तर मस्त थांबते!" सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

सप्टेंबर 2019 मध्ये जनरल मोटर्सने 2014 ते 2018 या मॉडेल वर्षांच्या सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन अशा सुमारे 34 लाख 60 हजार गाड्यांचा रिकॉल काढला. ब्रेक बूस्टरला (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम देणाऱ्या पंपाची ताकद काळानुसार घटत होती. रोज थोडं थोडं कमी होणारं पायाला जाणवत नाही. पाय आपोआप जास्त जोर लावायला शिकतो. उपाय होता ब्रेक कंट्रोल मॉड्यूलचं नवं प्रोग्रॅमिंग. "नुसतं सॉफ्टवेअर आहे, बघू नंतर" असं म्हणून ते टाळू नका. अचानक ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा त्याच सॉफ्टवेअरवर भिस्त असते.

जमिनीवर डाग नाही, म्हणजे गळती नाही?

असं मुळीच नाही. फोर्डने 2016 मध्ये 2013-14 च्या 3.5 लिटर इंजिनाच्या सुमारे 2 लाख 70 हजार एफ-150 परत बोलावल्या. त्यांत ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागातून) त्याच्या मागे बसवलेल्या बूस्टरमध्ये उतरत होतं. गाडीखाली एक थेंब दिसत नाही, पण पुढच्या चाकांच्या ब्रेकचा दाब जातो. पुढे नंतरच्या वर्षांच्या गाड्यांनाही याच दोषासाठी रिकॉल निघाला.

म्हणून ब्रेक ऑइलची बाटली ओतून मोकळं होऊ नका. ब्रेक पॅड झिजतात तशी डब्यातली पातळी सावकाश खाली येते, ते स्वाभाविक आहे. पण भरल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा मिनिमम रेघेकडे आली आणि चाकांजवळ, पाइपांवर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला बसतो तो जोड तपासून घ्या. तिथे खालच्या बाजूने बोट फिरवलं तर कधी ओलसर लागतं. कधी मात्र तेही कळत नाही. सिलिंडर सोडवल्यावरच आतलं ऑइल दिसतं. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

पेडल कडक की खोल?

मेकॅनिकला "ब्रेक नीट लागत नाही" एवढंच सांगितलं तर त्याला काहीच कळत नाही. पेडल दगडासारखं कडक झालं, तर बूस्टरची मदत गेलेली असते. पेडल खोल जात असेल, तर ऑइल गळतंय किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. 2500, 3500 वर्गाच्या (जास्त वजन ओढणाऱ्या) बऱ्याच पिकअपमध्ये ब्रेकला मदत स्टिअरिंगच्या पंपाकडून मिळते. तिथे स्टिअरिंग आणि ब्रेक एकाच वेळी जड झाले, तर दोन बिघाड शोधत बसू नका. आधी तो पंप आणि त्याचा पट्टा बघा.

रस्त्यातच असं झालं, तर कडक पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, उरलेली मदत संपते. दोन्ही पाय लावून दाबून धरा. खोल जाणारं पेडल मात्र भराभर मारल्याने थोडा दाब मिळू शकतो. दोन्ही वेळी गिअर खाली आणा आणि पार्किंग ब्रेक हळूहळू लावा. मागे ट्रेलर असेल तर डॅशबोर्डवरच्या ट्रेलर ब्रेक कंट्रोलरचा हाताने लावायचा खटका वापरा. तो कुठे आहे, हे निघण्याआधीच घरच्या प्रत्येक चालवणाऱ्याला दाखवून ठेवा.

सेकंडहँड घेताना

अनेकांची इथेच फसगत होते, आणि कायदाही त्यांच्या बाजूने उभा राहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रिकॉलचं काम बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही. जुन्या गाडीला मात्र देशपातळीवर अशी बंदी नाही. पत्रही बहुधा जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं. विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा 17 अक्षरी चासी नंबर एनएचटीएसएच्या (अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या) साइटवर टाका. "या मॉडेलला रिकॉल आहे का" असं विचारून भागत नाही, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी एकीलाच तो लागू असू शकतो.

"पार्ट अजून आलेला नाही" असं पहिलं पत्र आलं, तर दुसऱ्या पत्राची नुसती वाट बघू नका. डीलरकडे नाव नोंदवा आणि तोवर ट्रेलर जोडू नका. रिकॉल निघाला तेव्हा गाडीच्या पहिल्या विक्रीला 15 वर्षं झालेली नसतील, तर दुरुस्ती मोफत असते. त्याच दोषाचं काम पत्र येण्याआधी स्वतःच्या खर्चाने करून घेतलं असेल, तर बिल आणि पावती घेऊन कंपनीकडे परताव्याचा अर्ज करा. त्याची मुदत पत्रात दिलेली असते.