तर्क आणि व्याकरणातल्या संज्ञा पाठ न करता लक्षात कशा ठेवायच्या?

व्याख्या घोकायच्या आणि पेपर झाला की विसरायच्या, मी पण वर्षानुवर्षं तेच केलंय. त्यापेक्षा एकच साधं वाक्य घ्या आणि सगळ्या संज्ञा त्याच्यावरच वापरून बघा. आपण हे घेऊ: "वर्गात मोबाईल नको, कारण मुलांचं लक्ष उडतं."

आधी दावा शोधा, म्हणजे बोलणाऱ्याला आपल्याकडून काय कबूल करून घ्यायचंय ते. इथे "वर्गात मोबाईल नको". मग "का?" विचारा, उत्तर येईल ते कारण. आणि "कशावरून?" विचारल्यावर हाती लागतो तो पुरावा, जो या वाक्यात नाहीच, बहुतेक वाक्यांत नसतो.

खरी गंमत गृहीतकात आहे. ते कोणी बोलून दाखवत नाही, पण त्याच्याशिवाय कारण दाव्यापर्यंत पोचतच नाही. इथलं गृहीतक: ज्याने लक्ष उडतं ते वर्गात नको. असं उघड लिहून काढलं की लगेच खटकतं, मग खिडक्याही बुजवा की! वाद घालायचा तर इथे घाला, बोलणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका, तो तर्कदोष, म्हणजे तर्क करण्यातली चूक. आपल्या न्यायशास्त्रात (कायद्याचं नव्हे, जुनं भारतीय तर्कशास्त्र) ही मधली कडी तोंडाने बोलायचीच पद्धत होती: डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू), जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), मग उपनय (या डोंगरावरही तसाच धूर आहे) आणि निगमन (म्हणून इथेही आग आहे), असे 5 अवयव, म्हणजे भाग.

अॅरिस्टॉटलचे इथॉस, पेथॉस, लोगोस पण विचारतात, ते सोपं आहे. बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना, आणि तर्क. आपलं वाक्य तिसऱ्यातलं.

आता हेच वाक्य व्याकरणात घ्या. "कारण" गौण वाक्य, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेलं वाक्य, जोडतं, म्हणून हे मिश्र वाक्य. उलटं करा: "मुलांचं लक्ष उडतं म्हणून वर्गात मोबाईल नको." अर्थ तोच, पण परिणाम सांगणारं "म्हणून" दोन्ही वाक्यं बरोबरीने ठेवतं, त्यामुळे हे संयुक्त. इथे मी मार्क घालवलेत राव. त्यात परत "तो येतो म्हणून म्हणाला" मधलं "म्हणून" म्हणजे "की", तेव्हा ते वाक्य मिश्र. शब्द बघून ठरवू नका, तो काय काम करतोय ते बघा.

प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, कर्माप्रमाणे की कशाचप्रमाणे नाही, ते ओळखायला कर्म बदलून बघा. "मुलाने निबंध लिहिला", "मुलाने कविता लिहिली", कर्माप्रमाणे क्रियापद बदललं, कर्मणी. "शिक्षकांनी मुलाला समजावलं", "मुलीला समजावलं", काहीच हललं नाही, भावे. आणि कर्ता बदलल्यावर क्रियापद बदललं तर कर्तरी, "तो खातो", "ती खाते".

कर्ता शोधायला धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मूळ शब्दाला, "णारा" लावून "कोण" विचारतात. आता "मोबाईलवर बंदी घातली गेली" मध्ये घालणारा कोण? सापडत नाही ना? तो सापडू नये म्हणून पण लोक अशी वाक्यं लिहितात. (या शेवटच्या वाक्यातलं "म्हणून" उद्देश सांगतंय बरं का, म्हणजे मिश्र वाक्य.)