वजनाच्या सर्जरीनंतर या चुका टाळा : कमी खाल्लं म्हणजे चांगलं केलं, असं आता नाही

बेरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर होणाऱ्या सर्जरीसाठी दाखल होणारा माणूस सहसा अनेक वर्षांचं डाएटिंग करून थकलेला असतो. भूक मारायची, दोन घास कमी खाल्ले की स्वतःवर खूश व्हायचं, सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं आणि वजन वाढलं की डॉक्टरांकडे जायचं टाळायचं, या सवयी त्याच्या अंगात मुरलेल्या असतात. ऑपरेशनने पोट बदलतं, सवयी मात्र तशाच राहतात. नंतरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. पेशंट बेशिस्त असतो असं मुळीच नाही, उलट तो जुनी शिस्त नको तिथे पाळत असतो. म्हणून खालच्या चुका वाचताना स्वतःला दोष देऊ नका. काय बदलायचं तेवढं बघा.

भूक नाही म्हणून न खाणं

या सर्जरीचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. बायपासमध्ये अन्नासाठी वरचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा उरतो आणि खाल्लेलं छोट्या आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे जातं. दोन्हींत पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. आयुष्यभर भुकेशी झगडलेल्या माणसाला हे वरदान वाटतं आणि तो दिवस दिवस चहा-सूपवर काढतो. वजन भराभर उतरतं, घरचे कौतुक करतात.

पण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. ते वाचवायचे तर रोज किमान ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. हा आकडा ऐकायला सोपा वाटतो, म्हणून एकदा हिशेब करून बघा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि कपभर दुधात ६-७ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे दिवसभरात दोन अंडी आणि कपभर दूध घेऊन ‘आज छान जेवलो’ असं वाटलं, तरी गाठलेला आकडा २० च्या आतच आहे. म्हणून सुरुवातीला प्रोटीन पावडर लागते. ती घेण्यात कमीपणा काही नाही. जेवताना पहिले घास प्रोटीनचे, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात किंवा ब्रेड, हा क्रम कायमचा ठेवा. भुकेची वाट न बघता घड्याळ बघून खा.

पाण्याचंही तसंच. पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा हॉस्पिटलमध्ये जावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. एका दमात ग्लासभर पाणी आता जात नाही, त्यामुळे बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट घोट घ्यायचं आणि दीड लिटरच्या पुढे जायचं. लघवी गडद पिवळी, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आणि तोंड कोरडं ही लक्षणं दिसली की समजायचं, पाणी कमी पडतंय. जेवताना मात्र पाणी नको. जेवणानंतरही अर्धा तास थांबा.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळू लागतात आणि भलेभले घाबरतात. भराभर वजन उतरण्याचा ताण शरीरावर आला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. महागडी तेलं आणि बायोटिनच्या गोळ्यांच्या मागे लागण्याआधी प्रोटीन पुरेसं जातंय का ते बघा, आणि रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं) व झिंक तपासून घ्या. गळती वर्ष उलटल्यावर सुरू झाली तर मात्र कुठली तरी कमतरता असण्याची शक्यता जास्त. ती शोधायलाच हवी.

बरं वाटतंय म्हणून टप्पा ओलांडणं

सर्जरीनंतर खाणं टप्प्याटप्प्याने वाढवतात : आधी पातळ पदार्थ, मग वाटून मऊ केलेलं, मग मऊ घन अन्न, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण. प्रत्येक टीमचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुम्ही तुमच्या टीमचं पाळा. पोटाच्या आतल्या शिवणीला भरून यायला वेळ लागतो. बाहेरची छोटी छिद्रं आठ-दहा दिवसांत सुकतात, त्यामुळे आतही सगळं ठीक झालंय असं वाटतं. जड उचलण्याचंही तेच. चार ते सहा आठवडे जड पिशव्या, बादल्या दुसऱ्याला उचलू द्या. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून.

टप्पा ओलांडला किंवा घाईने गिळलं की काय होतं, ते आधी माहीत असलेलं बरं. कोरड्या चिकनचा तुकडा किंवा ताज्या ब्रेडचा गोळा नीट न चावता खाली गेला की छातीच्या मधोमध, हाडामागे दाब येतो. तोंडात फेसाळ लाळ साठू लागते. नाक वाहतं, उचकी लागते किंवा शिंक येते. बसवत नाही, झोपवत नाही. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे वरून पाणी पिऊन घास खाली ढकलायला जाणं. खाली रस्ता बंद असतो, त्यामुळे पाणी वरच साठतं आणि दुखणं वाढतं. खाणं थांबवा, ताठ उभे राहा, हळूहळू चाला. बहुतेक वेळा घास सरकतो किंवा बाहेर पडतो. त्यानंतर काही तास पातळ पदार्थांवरच राहा. स्वतःची लाळही गिळता येत नसेल, किंवा घोटभर पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

नाक वाहणं, उचकी, एकाएकी येणारा सुस्कारा, हीच आता पोट भरल्याची खूण असते. जुन्या पोटासारखं तट्ट भरल्याची जाणीव होईपर्यंत खात राहिलात तर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. छोटा चमचा घ्या, घास वीस-पंचवीस वेळा चावा, टीव्ही बंद ठेवा.

‘उलटी होणारच’ असं समजणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. अधूनमधून एखादी उलटी होऊ शकते. पण दोन-तीन दिवस उलट्या चालूच असतील तर तो सर्जरीचा ‘नेहमीचा त्रास’ नव्हे. पोट आणि आतडं जिथे जोडलं ती जोडाची जागा आकसलेली असू शकते, अल्सर असू शकतो. आणि दुसरा धोका याहून गंभीर आहे. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शरीरात फार तर दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठलेलं असतं. खाणं तुटपुंजं आणि त्यात उलट्या, म्हणजे हा साठा संपायला वेळ लागत नाही. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ होणं ही मेंदूला इजा होत असल्याची लक्षणं आहेत. उपचाराला उशीर झाला तर इजा कायमची राहू शकते.

यातली एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. अशा पेशंटला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. इमर्जन्सीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘वजनाची सर्जरी झाली आहे, इतके दिवस उलट्या आहेत, थायमिनचं बघा.’

गोड किंवा तेलकट खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात धडधड, पोटात कळ, जुलाब आणि दरदरून घाम येत असेल तर ते डम्पिंग, म्हणजे अन्न आतड्यात फार वेगाने उतरणं. बायपासमध्ये जास्त दिसतं, स्लीव्हमध्येही होऊ शकतं. दुसरा प्रकार उशिरा, खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येतो. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, साखर घसरते, हातपाय थरथरतात. साखर घसरलेली असताना थोडं गोड घ्यावं लागतं, हे खरं. पण दर वेळी गोड खाऊनच भागवलं तर तेच चक्र पुन्हा फिरतं. सावरल्यावर लगेच थोडं प्रोटीन घ्या. पुढच्या जेवणातून साखर आणि मैद्याचे पदार्थ कमी करा, आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

रिपोर्ट चांगले म्हणून गोळ्या बंद

रिपोर्ट चांगले आलेले असतात ते गोळ्या चालू असतात म्हणून. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व हे सगळं आयुष्यभराचं आहे. बी-१२ चा साठा संपायला वर्षं लागतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं गोळी न घेताही काही जाणवत नाही. मग एके दिवशी तळपायाला मुंग्या येऊ लागतात, बधिरपणा वाटतो. नसांची ही इजा उशिरा लक्षात आली तर पूर्ण भरून येईलच असं नाही. तपासण्या पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम सायट्रेट पोटातल्या आम्लावाचूनही शोषलं जातं, म्हणून बहुतेक वेळा तेच सुचवतात. दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम एकदम न घेता ५००-६०० चे भाग करून घ्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या वेदनाशामकांपासून लांब राहा, विशेषतः बायपास झाली असेल तर. जोडाच्या जागी अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. सिगारेटनेही तोच धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. डायबेटिसच्या गोळ्या-इन्सुलिन आणि ब्लड प्रेशरच्या औषधांचा डोस बहुतेकांना लवकरच कमी करावा लागतो. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर किंवा बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. घरी मोजा, आकडे लिहून ठेवा, डोस डॉक्टरांना बदलू द्या.

दारू आता लवकर आणि जास्त चढते, थोडीशीसुद्धा. खाण्यातून मिळणारा दिलासा गेल्यावर काही जण तो दारूत शोधतात, हा धोका दुसऱ्या वर्षानंतर वाढलेला दिसतो. आणि वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलावी असा सल्ला असतो. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरं साधन विचारून घ्या.

काटा रोज बघणं

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वजन अडकतं. सुरुवातीला झपाट्याने गेलेल्या वजनात ग्लायकोजनबरोबरचं (शरीरात साठवलेल्या साखरेबरोबरचं) पाणी बरंच असतं, ते थोडं परत येतं. चरबी जळतच असते, काटा मात्र हलत नाही. या दिवसांत अनेकांना वाटतं की ‘माझ्यावर ऑपरेशनही चाललं नाही’, आणि ते आणखी कमी खाऊ लागतात. इथे काही करायचं नसतं. आठवड्यातून एकदाच वजन करा. साधारणपणे एक-दोन वर्षांत स्लीव्हने एकूण वजनाच्या २५ टक्क्यांच्या आसपास आणि बायपासने ३० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. १२० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ ९० किंवा ८४. बरेच जण मनात ६० चा आकडा धरून बसतात आणि ८८ ला पोहोचून निराश होतात, तेही गुडघेदुखी थांबलेली आणि डायबेटिस आटोक्यात आलेला असताना.

हॉस्पिटलला फोन करायला लाजणं

पहिल्या काही आठवड्यांत स्वस्थ बसलेले असताना नाडी १२० च्या वर, ताप, वाढतं पोटदुखणं, डाव्या खांद्यात दुखणं किंवा धाप, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. शिवणीतून गळती होत असू शकते. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. बायपास झालेल्यांनी हे कायम लक्षात ठेवावं : अनेक वर्षांनीही पोटात अचानक पिळवटून कळ आली, विशेषतः जेवणानंतर, तर आत आतडं अडकलेलं असू शकतं. ‘गॅस असेल’ म्हणून घरी पडून राहू नका. उजवीकडे बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताशयातले खडे तपासायला हवेत, वजन भराभर उतरताना ते होतात.

मनाचंही याच रांगेत ठेवा. सैल झालेली त्वचा, आरशातला अनोळखी चेहरा, ‘सोपा मार्ग निवडलास’ म्हणणारे नातेवाईक आणि अचानक गोड वागू लागलेले लोक, या सगळ्याने आनंदाच्या दिवसांतही माणूस आतून ढासळतो. सर्जरीनंतर काहींमध्ये नैराश्य वाढतं. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

वजन परत वाढलं म्हणून फॉलोअप बंद करणं

सगळ्यांत कमी वजन साधारण एक ते दोन वर्षांत गाठलं जातं. त्यानंतर थोडं वाढणं अपेक्षितच असतं. पण जुनी लाज इथे पुन्हा डोकं वर काढते. चार-पाच किलो वाढले की माणूस अपॉइंटमेंट पुढे ढकलतो आणि पुढच्या वेळी पंधरा किलो वाढवून येतो. सुधारणा सोपी असते ती चार किलोंवर असताना.

आधी खाण्याचा प्रकार बघा. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम हे पदार्थ लहान पोटातही न अडता सरकतात, पोट भरल्याची खूण न देता. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं की कितीही छोटं पोट असलं तरी कॅलरी भरतात. जेवणासोबत पाणी प्यायची सवय परतली असेल तर तीही मोडा. हे सगळं नीट असूनही वजन वाढत असेल तर कारण दुसरं असू शकतं. नवीन सुरू झालेलं एखादं औषध, थायरॉइड, झोपेचा त्रास, पोटाच्या रचनेत झालेला बदल, हे तपासता येतं. वजनावरची नवी औषधं सर्जरीनंतरही वापरता येतात आणि गरज पडल्यास दुसरी सर्जरीही करता येते.

जाताना चार दिवसांचं खरंखुरं खाणं लिहून न्या, रात्री उशिरा खाल्लेल्या बिस्किटांसकट. चालू गोळ्यांची यादी, मागचे रक्ताचे रिपोर्ट आणि कोणती सर्जरी कधी झाली त्याचा कागद सोबत ठेवा. ज्या हॉस्पिटलमध्ये सर्जरी झाली तिथे जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या बेरिॲट्रिक सर्जनकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जा, पण जा.