कुत्र्यांच्या शोचा छंद खिशाला कसा झेपवावा

फोंड्याच्या आमच्या घरात कारवान या शिकारी जातीच्या दोन कुत्र्या आहेत आणि लाल कापडी बांधणीची हिशेबाची एक वही. ‘कुत्र्यांच्या धंद्यात पैसा सुटतो म्हणे?’ असं कुणी विचारलं की मी ती वही पुढे सरकवतो. चार पानं उलटली की माणूस चहाकडे वळतो.

आधी आकडा ठरवा, कुत्रा नंतर आणा. वर्षाला या छंदावर किती घालवायचे ते घरच्यांना समोर बसवून ठरवायचं आणि पिल्लं विकून येईल असा एकही रुपया त्यात धरायचा नाही. वेतातून काही उरलंच तर ते पुढच्या वेतासाठी. खाणं, पेट्रोल, शोची फी हे सगळं पगारातून. हे जमत नसेल तर कुत्रा एकच पाळा.

जात निवडताना गोव्याची हवा बघा. लांब केसांचा कुत्रा इथल्या दमट उकाड्यात कातडीच्या तक्रारींनी डॉक्टरचंच घर भरतो. कारवान किंवा मुधोळला ओल्या फडक्याने पुसलं आणि नखं कापली की तो शोच्या रिंगणात उभा राहायला तयार. रॉटवाइलर-पिटबुल मनात असतील तर राज्याचा कायदा आधी तपासा.

वहीत प्रत्येक कुत्र्याला एक पान आणि प्रत्येक वेताला वेगळं पान द्या. वेताच्या पानावर पहिली नोंद समागमाच्या आधीची हवी: दोघांची ब्रुसेला (समागमातून पसरणारा, गर्भ पाडणारा आजार) तपासणी आणि मादीची प्रोजेस्टेरॉन चाचणी, म्हणजे जुळवायचा नेमका दिवस सांगणारी रक्ततपासणी. लोक ही शेवटची चाचणी वाचवतात आणि चुकीच्या दिवशी नराकडे पुण्याला दोन खेपा मारतात. नराच्या मालकाला फी मी रोखच देतो. फीऐवजी त्याला हवं ते पिल्लू आधी निवडू द्यायचा सौदा स्वस्त वाटतो खरा, पण जे पिल्लू शोसाठी ठेवायचं तेच हातचं जातं.

दिवस मोजायला पंचांग लागत नाही. गर्भ साधारण ६३ दिवसांचा आणि पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत विकता येत नाही. म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जुळवलं तर मार्चअखेर कुत्री विते आणि पाऊस लागायच्या आत पिल्लं नव्या घरी पोचतात. मी एकदा हा हिशेब चुकवला. जूनमध्ये सात पिल्लं, वीज गेलेली, इन्व्हर्टर कण्हतोय आणि व्यायच्या पेटीतली फडकी तीन-तीन दिवस वाळत नाहीत. त्या महिन्याचं पान मी अजून कुणाला दाखवत नाही.

सिझेरियनचे पैसे समागमाच्या आधीच बाजूला काढा, आणि तेही रात्रीच्या दराने. आमच्या मादीला शनिवारी रात्री दोन तास कळा येऊनही पिल्लू बाहेर येईना. जवळच्या दवाखान्यात फोन कुणी उचलला नाही, गाडी काढून दुसऱ्या तालुक्यात गेलो. पैसे बाजूला होते म्हणून टेबलावर घासाघीस करावी लागली नाही.

काटकसर खाण्यात होते, पण मोठ्या कुत्र्यांच्याच. उकड्या तांदळाचा भात आणि चिकनवाल्याकडून काळीज-पेटा. मीठ-कांदा नाही, शिजवलेलं हाड तर मुळीच नाही. गाभण मादी आणि पिल्लं यांना मात्र तयार खाद्यच. गोचिडांच्या औषधात तर पैसे वाचवायचेच नाहीत: गोचीडतापाच्या तपासण्या आणि सलाइन यात वर्षभराच्या औषधाचे पैसे कधीच उडून जातात. रेबीजची लस मिशन रेबीज या संस्थेच्या मोहिमेत फुकट मिळते, दाखला तेवढा जपून ठेवा.

शोचा खर्च म्हणजे प्रवास. एकाच मैदानावर शनिवार-रविवार लागोपाठ शो असतील तेच निवडा, प्रवेशिका लवकर भरा. बेळगावला चोर्ला घाटातून जायचं तर दोन घरांनी एक गाडी करायची. एका पिंजऱ्यात तुमची, दुसऱ्यात त्यांची. रिंगणात कुत्रा चालवून दाखवणारा व्यावसायिक हँडलर नको. रोज संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं लीश धरून चालवलं, उभं राहायला शिकवलं, दात दाखवायची सवय लावली की घरचा मुलगाही रिंगण मारतो. ट्रॉफी मिळते ती प्लास्टिकची, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कागदपत्रं टाळू नका. कुत्र्यांच्या प्रजनन-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय जुळवायची नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नाही. पिल्लांची केनेल क्लब ऑफ इंडियाची (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी आणि मायक्रोचिप वेताच्याच पानावर मांडा, किमतीत ती आधीच धरलेली हवी.

आणि गिऱ्हाईक आधी, वेत नंतर. न गेलेलं पिल्लू चौथ्या महिन्यात मोठ्या कुत्र्याइतकं खायला लागतं. आमच्याकडची दुसरी मादी अशीच राहिलेली. तिच्या पानावर विक्रीचा रकाना आहे, त्यात बायकोने पेन्सिलने ‘नाही’ लिहिलंय.