डिमेन्शियाचं छोटं घर चालवताय? या चुका टाळा

"ताई, बंगला रिकामा पडलाय, मुलं बाहेर असतात. डिमेन्शियावाल्यांसाठी दहा बेडचं सेंटर काढायचं म्हणतोय. महिन्याला सुटतात किती?" असे फोन मला सतत येतात. मागणी खरी आहे, हे मी नाकारत नाही. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू कमी करत नेणारा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी सांभाळणारी सून किंवा मुलगी थकली की जागा शोधावीच लागते. पण फोनवरचा माणूस भाड्याचं विचारतो, जेवणाच्या कंत्राटाचं विचारतो. रात्री कोण जागं राहणार, हे कुणीच विचारत नाही.

दहा-बारा माणसांच्या घराला पूर्णवेळ डॉक्टर परवडत नाही, फिजिओथेरपीची खोलीही नाही. मोठ्या संस्थेपेक्षा त्याच्याकडे एकच गोष्ट जास्त असू शकते: तिथे सेवेला असलेल्या प्रत्येक मावशीला आणि मामाला प्रत्येक माणूस नीट माहीत असणं. तेवढे कष्ट घ्यायचे नसतील तर बंगला सरळ भाड्याने द्या.

सकाळी सहाची आंघोळीची रांग

ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिलीय की नव्या घरात पाऊल टाकलं की आधी भिंतीवरचं वेळापत्रक वाचते. 'सहा ते आठ आंघोळी' असं दिसलं की पुढचं सगळं कळतं. आठला ड्युटी बदलते, रात्रपाळीला काम उरकून द्यायचं असतं, म्हणून अंधारात माणसं उठवायची, स्टुलावर बसवायची आणि शॉवर सोडायचा. मारामारी, ओरबाडणं, चावणं सर्वांत जास्त न्हाणीघरातच होतं आणि फाईलवर शेरा पडतो: 'आक्रमक'.

आमच्याकडे अशाच शेऱ्याच्या एक आजी आल्या. सातारा जिल्ह्यातल्या, जन्मभर नऊवारी नेसलेल्या. आधीच्या ठिकाणी त्यांना गाऊन घातला होता, का तर काढघाल सोपी. आंघोळीला दोन मुली लागायच्या, एक धरायला आणि एक धुवायला. आजींच्या दोन्ही दंडांवर बोटांचे निळे वळ होते. कपडे काढायला हात लावला की त्या "चोर, चोर" म्हणून किंचाळायच्या.

मी मुलाला काहीच विचारलं नाही, कारण मुलांना हे माहीत नसतं. सुनेला विचारलं: घरी आंघोळ कशी करायच्या? ती म्हणाली, "अंगावर जुनं लुगडं असायचंच. सगळं काम आवरलं की, दुपारी. मोरीत पाटावर बसून, तांब्याने." म्हणजे या बाईने उभ्या आयुष्यात विवस्त्र होऊन आंघोळ केलेली नव्हती, आणि रोज पहाटे दोन अनोळखी मुली तिचे कपडे ओढत होत्या. तिने किंचाळू नये तर काय करावं?

आम्ही वेळ दुपारची केली. पाटावरून उठणं गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून मागे टेकायला पाठ असलेली आंघोळीची खुर्ची घेतली. गरम पाण्याची बादली आधी भरून ठेवून न्हाणीघर उबदार केलं. खांद्यावरून जुनं सुती लुगडं गुंडाळलं आणि तांब्या आजींच्याच हातात दिला. पाणी आधी पायांवर, मग गुडघ्यांवर. डोक्यावर एकदम कधीच नाही. मावशी एकच, रोज तीच, आणि साबणाचा हात लुगड्याखालून. सुरुवातीला नुसते हातपाय आणि तोंड धुऊन झालं तरी त्या दिवसाचं काम झालं असं धरलं. पुढे आजी आपणहून पाणी घ्यायला लागल्या. फाईलवरचा 'आक्रमक' शब्द पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून खोडून घेतला, कारण तो शब्द पाहून उद्या कुणीतरी गोळी लिहील.

रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे, हा हट्टही सोडा. एक दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या पंच्याने अंग पुसून काढलं, काखा-जांघा कोरड्या ठेवल्या, की बहुतेकांचं भागतं. मात्र ज्यांनी आंघोळ करून पूजा केल्याशिवाय चहासुद्धा घेतला नाही, त्यांची आंघोळ चुकवू नका. ते दिवसभर काहीतरी राहिलंय म्हणून हिंडत बसतात. सगळ्यांना एक नियम लावायचा असता तर छोटं घर कशाला काढलं?

दोन दिवसांत माणूस बदलला आणि तुम्ही म्हणालात, 'आजार वाढला'

डिमेन्शिया महिन्यांनी, वर्षांनी वाढत जातो. काल जेवणारा माणूस आज ताट भिरकावतो, किंवा काल चालणारा आज दिवसभर गुंगीत पडून राहतो, तेव्हा बहुतेक वेळा शरीरात काहीतरी नवं बिघडलेलं असतं. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. कारणं साधी असतात: लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, कोठा जड होणं, न्यूमोनिया, सोडियम किंवा साखर कमी होणं, पाणी कमी पडणं, दुखणारी दाढ, नवीन सुरू झालेलं औषध. माणसाला ते सांगता येत नाही, म्हणून तो वागून सांगतो.

ओळखीतल्या एकांनी मला बोलावलं होतं. "आमच्याकडचे अण्णा आता सांभाळण्यासारखे राहिले नाहीत, तुम्ही घेता का?" मी गेले. अण्णांचे दोन्ही हात ओढणीने पलंगाला बांधलेले. तक्रार अशी, की ते सारखा पायजमा खाली ओढतात, मावश्यांसमोर घाणेरडे चाळे करतात, अडवलं तर मारतात. रात्री झोपेची गोळी चालू केली होती, तीही डॉक्टरांना फोनवर 'फार त्रास देतात' एवढंच सांगून. आठवड्याभरापूर्वी कसे होते, विचारलं. "छान होते, पेपरच्या घड्या घालत बसायचे." मग मध्ये काय झालं? "काही नाही, सर्दी झाली होती. मेडिकलमधून गोळ्या आणल्या."

मी पोटावर हात ठेवला. बेंबीखाली पोट टणक आणि फुगलेलं, आणि हात लावताच अण्णा कळवळले. डायपर थोडा थोडा ओला होत होता, म्हणून लघवी होतेय असं सगळे धरून चालले होते. तुंबलेल्या मूत्राशयातून ती नुसती पाझरत होती. हॉस्पिटलात नेऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी घातली तर लिटरभर लघवी निघाली. अण्णा त्याच संध्याकाळी शांत झोपले.

झालं होतं असं: सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीवरचं औषध असतं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी त्याने अडू शकते, आणि डिमेन्शियात गोंधळही वाढतो. पायजमा ओढणारा माणूस लघवीला जायचं म्हणत होता, आणि त्याला मिळालं काय, तर ओढणी आणि झोपेची गोळी. हा प्रसंग आठवला की आजही माझा संताप होतो, कारण हे टाळायला एमबीबीएस लागत नाही. एक वही लागते आणि पोटावर हात ठेवायची सवय.

माझी सवय सांगते. 'आजी आज चिडल्यात' असा फोन आला की मी आधी ठरलेले प्रश्न विचारते. शेवटची लघवी कधी आणि किती? शौचाला कोणत्या दिवशी झाली? ताप, साखर, नाडी? पाणी किती गेलं? कालपासून कोणती गोळी नवी, कोणती बंद? कुठे पडले का? दुखतंय का, हे चेहरा, श्वास, कण्हणं, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतात की नाही, यावरून बघायचं. ही उत्तरं असल्याशिवाय आमच्याकडून डॉक्टरांना फोन जात नाही, आणि असली की अजिबात थांबायचं नाही. सर्दीची, पोटदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी द्यायची नाही.

'शांत ठेवायच्या' औषधांबद्दल स्पष्ट लिहिते. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत अँटीसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात हॅलोपेरिडॉलसारखं औषध माणसाला ताठ करून अंथरुणाला खिळवू शकतं. कधीकधी ही औषधं लागतात, ती तज्ज्ञ डॉक्टर ठरवतील, आणि बंद कधी करायची हेही त्यांनाच त्याच दिवशी विचारून ठेवा. रात्री माणूस कमी आहे हे गोळीचं कारण होऊ शकत नाही. बांधून ठेवण्याचंही तेच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणालाही बांधता येत नाही. तुमच्या घराला कोणती नोंदणी लागते, हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला पहिला माणूस घेण्याआधीच लेखी विचारा.

प्रवेशाच्या फॉर्मवर फक्त बीपी आणि शुगर

आजारांची यादी तर कुठल्याही हॉस्पिटलात मिळते. मला हवं असतं ते वेगळं. घरी काय म्हणतात, अक्का की माई? निवृत्त शिक्षिका 'आजी' म्हटल्यावर मान वळवत नाहीत, 'बाई' म्हटलं की लगेच बघतात. चहा कपात की बशीत? झोपायच्या आधी दार कोण लावायचं? लहानपणी घरात मालवणी होती की अहिराणी? पुष्कळ जण शेवटी तिकडेच वळतात, आणि ती बोली येणारी एक मावशी असली तर अर्धी चिडचिड उरत नाही.

आणि मशेरी. ही गोष्ट घरचे लाजून लपवतात. पन्नास वर्षं मशेरी लावणाऱ्या बाईची ती एका दिवसात बंद झाली की ती सैरभैर होते, झोपत नाही, पदर चाचपत राहते. तंबाखू तुटल्याची तगमग असते ती. खोदून विचारा आणि डॉक्टरांना सांगा. उत्तर मुलगा देणार नाही. सून किंवा घरची जुनी कामवाली देईल.

थोडक्यात, पण रोज दिसणाऱ्या

दारात काळं पायपुसणं टाकू नका. त्यांना तिथे खड्डा दिसतो आणि ते उंबऱ्यातच अडतात. चकचकीत फरशी ओली वाटते.

चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी कपाटात ठेवून 'कुणाशी बोलत नाहीत' म्हणू नका.

आडवं ठेवून भरवू नका. ताठ बसवा, लहान घास द्या, आधीचा गिळलाय हे बघून पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसतंच ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

दिवेलागणीला घरी जायचं म्हणून उठतात, तेव्हा 'हेच तुमचं घर' असं ठासून सांगू नका. त्याआधीच दिवे लावा, हातात निवडायला पालेभाजी द्या, किंवा अंगणात एक फेरी मारून आणा.

सीसीटीव्ही म्हणजे रात्रपाळी नव्हे. कॅमेरा पडताना दाखवतो, धरत नाही.

माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दर पंधरवड्याला नवी मुलगी घेऊ नका. पगार थोडा जास्त द्या आणि तीच टिकवा. चेहरे बदलत राहिले की वर लिहिलेलं सगळं वाया जातं.

पहिल्या महिन्यात सगळे बेड भरणं

हप्ते डोक्यावर असतात, कळतं मला. तरीही सुरुवातीला दोन-तीनच माणसं घ्या. त्यांची झोप, शौच, राग, आवडनिवड कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडली की पुढचा एक. एकदम दहा अनोळखी माणसं आणि सहा अनोळखी कर्मचारी एका छताखाली आणलेत तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी फाटकाबाहेर जाईल. ज्याला एवढा धीर नाही त्याने दुसरा व्यवसाय बघावा, हे माझं ठाम मत आहे.

'ओळख पाहू, मी कोण?'

भेटीला आलेला मुलगा दारातच परीक्षा घेतो. उत्तर चुकलं की त्याचा चेहरा पडतो, आणि आईला एवढंच कळतं की आपलं काहीतरी चुकलं. नातेवाइकांना हे पहिल्याच भेटीत सांगायचं काम तुमचं आहे. आत येतानाच म्हणायला लावा, "आई, मी सुनील, तुझ्यासाठी भडंग आणलंय." व्हिडिओ कॉल असेल तर मावशीने शेजारी बसून नाव सांगावं, आणि कॉल दुपारच्या झोपेनंतर ठेवावा, अमेरिकेतल्या सोयीने रात्री दहाला नाही.

हॉस्पिटलचा निर्णय रात्री दोनला

एक मुलगा टोरांटोला, मुलगी ठाण्यात. एक म्हणतो व्हेंटिलेटरवर ठेवा, दुसरी म्हणते आता त्रास नको, आणि रुग्णवाहिका फाटकात उभी. हे बोलणं प्रवेशाच्या दिवशीच करून घ्या: कोणतं हॉस्पिटल, आयसीयू हवा का, नळीने अन्न द्यायचं का, शेवटचा शब्द कुणाचा. सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या. शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं. मात्र करणाऱ्याला समज असावी लागते, म्हणून निदान नुकतंच झालेल्या माणसाच्या घरच्यांना हे लगेच सांगा. त्या कागदाची प्रत, चालू औषधांची यादी, आधार कार्ड आणि ताजा फोटो एका पिशवीत घालून ती रात्रपाळीच्या टेबलाच्या खणात ठेवा, आणि खणाला कुलूप लावू नका.