चारशे ग्रॅम मेथी आणि बारा बिऱ्हाडं

सोसायटीच्या गच्चीवर भाज्या लावायच्या म्हटलं की पहिल्या मीटिंगला सगळ्यांचे डोळे चमकतात. 'आता मंडईत जायलाच नको!' असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या. पुण्यात आमची चार मजली, बारा बिऱ्हाडांची इमारत आहे आणि गच्चीवरच्या बागेचं हे नववं वर्ष. पहिल्या वर्षी मेथीची पहिली काढणी भरली ४०० ग्रॅम, म्हणजे घरटी ३३ ग्रॅम. एका काकांनी खरोखर वजनकाटा वर आणला होता. त्या मेथीवरून जिन्यात तीन दिवस कुजबुज चालली आणि चौथ्या दिवशी दोन घरांनी बागेतून अंग काढून घेतलं.

तेव्हा एक गोष्ट पहिल्याच मीटिंगला ठरवून टाका: पिकेल ते वाटायचं नाही, गच्चीवर एकत्र बसून खायचं. हे मान्य नसेल तर आपापल्या बाल्कनीत तुळस लावा आणि सुखी राहा.

तयारी

गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक असते, त्यामुळे सर्वसाधारण सभेत लेखी ठराव हवा. जिन्यात भेटून मिळालेलं 'हो हो, करा की' पावसाळा आला की कुणाला आठवत नाही.

विटांचे वाफे बांधून त्यात माती भरू नका. राहत्या इमारतीच्या वापरातल्या गच्चीसाठी आय.एस. ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला असतो. फूटभर जाडीच्या ओल्या मातीचं वजन तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास जातं. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या, भाजीवाल्यांचे प्लॅस्टिक क्रेट आणि ग्रो बॅग पुरतात. जड कुंड्या स्लॅबच्या मधोमध न मांडता कडेला, बीमच्या वर ठेवा. आत निम्मं कंपोस्ट, पाव हिस्सा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव हिस्सा वाळक्या पानांचा चुरा आणि नावाला माती. मातीशिवाय कसं येईल म्हणून कुणी वाद घातलाच तर त्याला सांगा, कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवार या आपल्या शेतकऱ्यांच्या गटातून हे काम कधीच लोकांपर्यंत नेलं होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली.

कंपोस्ट सोपं आहे. एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळका पाला. वास आला तर पाला कमी पडलाय. बस.

पाणी

आता मुद्द्याचं. बागा मरतात त्या पाण्यापायी, आणि सोसायटीच्या बागा तर बहुतेक वेळा जास्त पाण्याने मरतात.

पहिल्या वर्षी आम्ही पाण्याचं काही ठरवलंच नव्हतं. 'ज्याला जमेल त्याने घालावं' असं मीच मोठ्या मनाने जाहीर केलं होतं. सकाळी सहाला फिरायला निघणारे काका पाणी घालायचे. सातला सूर्यनमस्काराला येणाऱ्या वहिनी घालायच्या. शाळेची बस यायच्या आधी दोन मुलं पाइप घेऊन खेळून जायची, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलो की 'आज कुणी घातलं की नाही कोण जाणे' म्हणत मीही घालायचो. महिनाभरात टोमॅटोची पानं पिवळी पडून माना टाकायला लागली. माना टाकलेलं रोप बघून माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो. बारा टोमॅटोंपैकी नऊ गेले. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत, नाल्यासारखा वास.

हे नीट समजून घ्या, कारण 'रोज पाणी घाला' असं छापील उत्तर देणारे याबद्दल बोलत नाहीत. तहानलेलं रोप मान टाकतं आणि बुडालेलं रोपही मान टाकतं. मुळांनाही हवा लागते. मिश्रण सतत चिंब राहिलं की मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे बादलीत पाणी भरपूर आणि रोप मात्र कोरडं. वरून पाहून यातलं काही कळत नाही. कोकोपीटचा वरचा थर दुपारपर्यंत फटफटीत वाळतो आणि खाली चिखल असतो.

त्यामुळे बोट घालून पाहायचं. दोन पेरं आत. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून थेंब पडेपर्यंत द्यायचं आणि थांबायचं. त्यासाठी ओलावा मोजायचं यंत्र आणू नका. आमच्याकडे एकाने आणलं होतं. ते कुंडीतही ओल दाखवायचं आणि टेबलावर ठेवलं तरी ओलच दाखवायचं.

दुसरा नियम: एका दिवसाचा एकच माणूस. आठवड्याचे सात वार, सात घरं, उरलेली पाच घरं बदली. गच्चीच्या दाराशी एक दोरी बांधा, तिच्यावर सात वारांच्या चिठ्ठ्या आणि कपड्यांचा एक चिमटा. पाहणी करून, लागलं तर पाणी घालून झालं की चिमटा पुढच्या वारावर सरकवायचा. चिमटा सरकलेला दिसला तर इतरांनी पाइपला हात लावायचा नाही, जीव कितीही तुटला तरी. आम्ही आधी व्हॉट्सॲपवर 'पाणी झालं' असं कळवायचो. त्याखाली अठरा अंगठे, चार सुविचार आणि एका वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि मूळ निरोप कुणी वाचलेलाच नसायचा. चिमट्याला अंगठा दाखवता येत नाही.

टायमरवर चालणारं ठिबक? पहिल्या वर्षी मुळीच नको, हे माझं ठाम मत. ठिबक लावलं की माणसं वर येणं बंद करतात, आणि एखादी नळी चोंदली की ते कळतं ते रोप वाळल्यावर. आधी बारा घरांच्या बोटांना सवय लागू द्या.

मे महिना वेगळाच. पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि निम्मी सोसायटी गावी जाते. तेव्हा बदलीच्या घरांची खरी परीक्षा असते. एप्रिलच्या शेवटीच प्रत्येक बादलीत वाळक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन करा, वर हिरवी शेडनेट बांधा आणि पाणी सकाळी लवकर द्या. लहान कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत सरकवा. नवीन काही लावायचा मोह टाळा. मे महिन्यात जगवलं तरी पुष्कळ झालं.

पाणी शुद्ध करायच्या आर.ओ. यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घाला, असा सल्ला सगळीकडे मिळतो. महापालिकेचं गोडं पाणी असेल तर अधूनमधून चालेल. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर नको, कारण त्यातले क्षार कुंडीत साठतात आणि मिश्रणावर पांढरा थर धरतो. तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. मीठ घातलेलं कसलंही नको.

आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवायच्या नाहीत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठवडा-दहा दिवसांत तिथून नवी पिढी उडते. त्या एका ताटलीपायी अख्खी बाग बदनाम होते.

'तुमच्या बागेने माझं छत गळतंय'

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार आहे. आम्ही दुसऱ्या पावसाळ्यात ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला परातीएवढा ओला डाग आला आणि त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. ते सुटायला वर्ष लागलं. शेवटी प्लंबरने दाखवलं की पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप सांध्यातून ठिबकत होता आणि पाणी कोब्याखालून वाहत येऊन बरोबर त्यांच्या पलंगावर उतरत होतं. पण तोवर आमच्या भोपळ्याच्या वेलीला शिव्या खाऊन झाल्या होत्या.

म्हणून पहिली बादली वर चढवण्याआधी गच्चीवरची पाइपांची तोंडं बोळा घालून बंद करा, दोन इंच पाणी साठवा आणि किमान २४ तास तसंच राहू द्या. मग वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छताचे फोटो काढा, त्यांच्याच फोनवर. गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग बाग. नसेल तर ते फोटो जपून ठेवा. हे मला कुणी सांगितलं असतं तर काकूंच्या हातच्या उकडीच्या मोदकांचा एक गणपती बुडाला नसता.

बादल्या थेट कोब्यावर ठेवू नका. लोखंडी स्टँड किंवा उभ्या विटा लावून किमान सहा इंच वर घ्या, म्हणजे खालून झाडू फिरतो, फरशी वाळते आणि मुळं भेगेत शिरत नाहीत. पाणी जायच्या तोंडाला जाळी लावा आणि त्याच्या आजूबाजूला दोन फूट काही ठेवू नका. पावसाळ्यात ती जाळी साफ करणं हे त्या दिवशी ज्याचा चिमटा असेल त्याचं काम. पिंपळाचं रोप कुठेही दिसलं तर दोन पानांवर असतानाच उपटा.

काय लावायचं

जे थोडं असलं तरी बारा घरांच्या जेवणाला चव आणतं ते. हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, पुदिना, कांद्याची पात, गवती चहा, आळू, अंबाडी, मेथी, पालक. धने रगडून दोन फाका करूनच पेरा. मेथी डब्यातल्या दाण्यांतून येते, महिनाभरात खुडायला तयार. कबुतरं कोवळे कोंब फस्त करतात, वर जुनी मच्छरदाणी टाका. टोमॅटो पाऊस ओसरल्यावर. फ्लॉवर-कोबीच्या नादी लागू नका. तीन महिने जागा अडवून एक गड्डा येतो आणि तो कुणी कापायचा यावर पुन्हा मीटिंग होते.

अंगतपंगत

महिन्यातला एक शनिवार ठरवून टाका, आमचा दुसरा असतो. दुपारी चारला एकच निरोप: 'संध्याकाळी सात, ताट-वाटी आपली आपली.' त्या महिन्याच्या यजमान घराने एकच पदार्थ करायचा, आणि त्यात बागेतलं काहीतरी हवं. बाकीचे घरात असेल ते आणतील. कुणाची सकाळची उसळ, कुणाचा दहीभात, कुणाच्या चार भाकऱ्या. 'काय आणू?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. दिलं की यादी होते आणि यादी झाली की मानपान येतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. तिसऱ्या पंगतीला एका हौशी घराने पाच पदार्थ केले, पनीरच्या दोन भाज्या, वर बासुंदी. जेवण उत्तम झालं. पुढच्या महिन्यात यजमान व्हायला कुणी तयार नव्हतं, त्याच्या पुढच्या महिन्यातही नव्हतं. मग आमच्या हिने मुद्दाम पाळी घेतली आणि केलं काय, तर पातीचा झुणका. त्याच्यासोबत बागेतल्या मिरच्यांचा ठेचा. तिथून गाडी परत रुळावर आली. पावसाळ्यात पंगत कुणाच्या तरी हॉलमध्ये भरते, तेव्हाही हाच नियम: घर आवरायचं नाही. सोफ्यावरचे कपडे उचलून आतल्या पलंगावर टाकले की आवरलं. ज्याच्याकडे चकाचक घरात पंगत होते, त्याच्या नंतरचा माणूस घाबरतो.

आमच्याकडे चालणारे पदार्थ: पालकाची थालिपीठं, आळूवड्या, बागेतल्या कोथिंबिरीची ओली भेळ, अंबाडीची भाजी, आणि मेथी कितीही कमी आली तरी मुटके. ४०० ग्रॅम मेथीचे मुटके उंधियूसारख्या मिसळभाजीत सोडले की प्रत्येकाला दोन-तीन येतात, काटा लागत नाही. कोजागरीला फक्त दूध आणि भेळ. शेवटी गवती चहा, तो मुलांनी खुडून आणायचा.

स्वयंपाक घरातच करून वर न्यायचा. गच्चीवर वाऱ्यात शेगडी पेटवू नका. सतरंज्या अंथरा, पण आजी-आजोबांसाठी चार खुर्च्या वर हव्यातच. आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच आहे, म्हणून त्यांना वर आणायचं काम कॉलेजच्या पोरांकडे. स्पीकर नको. साडेनऊला आवरतं घ्या, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर नऊलाच.

खरकटं कंपोस्टच्या ड्रममध्ये, वर दोन ओंजळी वाळका पाला. तेलकट तर्री आणि हाडं त्यात टाकायची नाहीत. ताटं ज्याची त्याने घरी नेऊन घासायची. गच्चीला कुलूप लावायच्या आधी दोरीकडे नजर टाका, चिमटा रविवारवर आहे ना ते पाहा, आणि रविवारवाला जिना उतरायच्या आत त्याला आठवण करा. पंगतीनंतरच्या सकाळी तो हमखास उशिरा उठतो.