बोस्नियात लोकांचं मत विचारायला निघण्यापूर्वी

आधी नमुना कशावरून काढायचा ते पक्कं करा. बोस्निया-हर्झेगोव्हिनाची शेवटची जनगणना २०१३ची आणि तिच्याआधीची थेट १९९१ची, युद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची. दोन्हींच्या मध्ये लोकसंख्या सुमारे ४३ लाख ७७ हजारांवरून ३५ लाख ३१ हजारांवर आली. २०१३चे आकडे जाहीर व्हायलाच जून २०१६ उजाडला, आणि देशाच्या दोन घटकांपैकी सर्बबहुल असलेल्या रेपुब्लिका सर्प्स्काने ते मानलेच नाहीत. दुसरी यादी हाती नसेल तर तीच वापरा, पण गावोगावची कुलुपं मोजून घ्या. परदेशी गेलेल्यांची घरं उन्हाळ्यात उघडतात, एरवी बंद. ‘दर तिसरं घर’ असा नियम देताना रस्ता सोडून रानातून वाट काढू नका, असं लेखी बजावा. युद्धात पेरलेले सुरुंग अजून संपलेले नाहीत.

मग प्रश्नावली. ‘तुमचा सरकारवर विश्वास आहे का?’ हा प्रश्न खोडा. युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन करारातून निघालेल्या व्यवस्थेत देशाचं एक, दोन घटकांची दोन, फेडरेशन या दुसऱ्या, बोस्नियाक-क्रोआट घटकातल्या दहा कँटनांची (प्रांतांची) दहा आणि ब्रचको या वेगळ्या स्वायत्त जिल्ह्याचं एक अशी चौदा सरकारं आहेत. कोणतं ते नावानिशी विचारा.

सगळ्यात जास्त वेळ वांशिक ओळखीच्या प्रश्नाला द्या. बोस्नियाक (म्हणजे मुख्यतः तिथले मुस्लिम), सर्ब, क्रोआट असे तीन पर्याय छापून चौथ्या जागी ‘इतर’ लिहिणं सोपं आहे, आणि मला तेच सलतं. १९९१मध्ये साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला ‘युगोस्लाव’ म्हणवलं होतं. ती माणसं, त्यांची मुलं आता कोणत्या चौकटीत बसवायची? रोमा, ज्यू, ‘मी नुसता बोस्नियाचा’ म्हणणारा, या सगळ्यांना राज्यघटना ‘इतर’ म्हणते. त्यांना राष्ट्राध्यक्षमंडळाची (बोस्नियाक, सर्ब, क्रोआट असा एकेक सदस्य असलेल्या तिघांच्या मंडळाची) निवडणूक लढवता येत नाही हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सेय्दिच-फिन्ची खटल्यात २००९मध्ये दिला. तरतूद तशीच राहिली. तुमच्या कागदावर तरी त्यांना जागा हवी. प्रश्न शेवटी ठेवा, उत्तराला कोरी ओळ सोडा, कुणी दोन ओळखी सांगितल्या तर दोन्ही लिहा. ‘सांगायचं नाही’ हे उत्तर ‘माहीत नाही’मध्ये मिसळू नका.

मुलाखतकार निवडताना नावं पाहा. आपल्याकडे आडनावावरून जात ताडतात, तिथे बऱ्याचदा पहिलं नावच पुरतं: अमिना म्हणजे बोस्नियाक, योवान म्हणजे सर्ब. मोस्तार शहराचा पश्चिम भाग बहुतांश क्रोआट, पूर्व भाग बोस्नियाक. दारात कोण उभं आहे यावर उत्तर बदलू शकतं. शक्यतो त्याच समाजाचं माणूस पाठवा, पण काही ठिकाणी मुद्दाम अदलाबदल करून फरक किती पडतो तेही मोजा, आणि कोणी मुलाखत घेतली हे प्रत्येक फॉर्मवर नोंदवा. मत कोणाला दिलं हे तोंडी विचारू नका. नोकरीपाण्याची भीती असलेला माणूस खरं सांगणार नाही. कागद द्या, घडी घालून त्यालाच पाकिटात टाकू द्या.

फॉर्म बोस्नियन, सर्बियन, क्रोएशियन तिन्हींत, आणि सिरिलिक लिपीतही छापा. तिन्ही भाषा एकमेकांना कळतात, तरी शब्दावरून माणूस ओळखला जातो: कॉफी बोस्नियाकाच्या तोंडी काह्वा, क्रोआटाच्या कावा, सर्बाच्या काफा. भाषेचं नाव टाळून ‘आपली भाषा’ म्हणायची तिथली रीत आहे, तीच उचला.

कामाचे दिवस ठरवताना ९ जानेवारी (रेपुब्लिका सर्प्स्काचा दिन), १ मार्च (बोस्नियाचा स्वातंत्र्यदिन) आणि ११ जुलैचा (स्रेब्रेनिकाचा स्मृतिदिन) आठवडा वगळा. स्रेब्रेनिकात जुलै १९९५मध्ये बोस्नियाक पुरुष-मुलग्यांचं जे हत्याकांड झालं त्याबद्दल ‘झालं का’ असा प्रश्न अजिबात नको. ते न्यायालयांत सिद्ध झालेलं आहे, २०२१पासून नरसंहार नाकारणं तिथे गुन्हा आहे, आणि समोर बसलेली बाई आपला मुलगा गमावलेली असू शकते.

कॉफी पुढे आली तर नाही म्हणू नका. ती सावकाश प्यायची असते; दिवसाच्या मुलाखतींचा आकडा त्या हिशेबाने कमी धरा.